डोंगर आपला, ढोल आपला. मग पडद्यावर नाव कुणाचं?

भिसेगाव (ता. कर्जत) : पाऊस सुरू झाला की भिसेगावला लागून असलेल्या कर्जत स्टेशनच्या परिसरात वाडीवरच्या बाया रानभाजी घेऊन बसतात. आधी शेवळं, मग टाकळा, कंटोळी. शनिवार-रविवारी मुंबईहून पर्यटक उतरतात, मोबाइल काढतात, दहा सेकंदांचा व्हिडिओ घेतात. कुणी भाजी घेतं, कुणी घासाघीस करतं. नाव मात्र सहसा कुणी विचारत नाही. व्हिडिओखाली दोन शब्द पडतात, 'आदिवासी जीवन'. ती बाई ठाकर की कातकरी, कुठल्या वाडीवरची, काही पत्ता नाही.

गोष्ट छोटी वाटेल. पण सिनेमा आणि टीव्हीने गेली पन्नास वर्षं साधारण हेच केलंय. चेहरा घेतला, डोंगर घेतला, ढोलाचा ताल घेतला, आणि नाव मागे ठेवलं. आज कर्जत-खालापुरात शूटिंगची गाडी दिसली तर कुणी वळूनही बघत नाही, इतकं ते रोजचं झालंय. म्हणून हा हिशेब आता मांडायला हवा.

नायक झाला, पण बोलला कोण?

आपल्या भागातल्या आदिवासींवरचा सगळ्यात गाजलेला मराठी चित्रपट म्हणजे 1977 चा 'जैत रे जैत'. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, ना. धों. महानोरांची गाणी, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. कर्नाळ्याच्या परिसरातली ठाकरवाडी ही त्याची भूमी. चित्रपट चांगलाच आहे, त्यात वाद नाही. ठाकराला स्वप्न असतं, हट्ट असतो, प्रेम असतं हे त्यात दिसलं. नको असलेला नवरा सोडणारी चिंधी त्यात मान ताठ ठेवून उभी राहिली. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती.

पण नाग्या झाले मोहन आगाशे आणि चिंधी झाली स्मिता पाटील. दोघंही मोठे कलाकार, दोघंही वाडीबाहेरचे. लेखक, गीतकार, संगीतकार ही नावं आपल्याला तोंडपाठ आहेत. ज्या वाड्यांच्या चालीरीतींवर हे सगळं उभं राहिलं, तिथल्या एका तरी ढोलवाल्याचं नाव आपल्यापैकी किती जण सांगू शकतील?

तीन वर्षांनी, 1980 मध्ये, गोविंद निहलानींचा हिंदी 'आक्रोश' आला. पटकथा विजय तेंडुलकरांची. लहान्या भिकू या आदिवासीवर बायकोच्या खुनाचा आरोप असतो आणि तो जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर गप्प राहतो. ओम पुरींनी ती भूमिका अशी केली की अंगावर काटा येतो. ते गप्प राहणं मुद्दाम होतं, सगळी यंत्रणाच त्याचं ऐकणार नव्हती हे त्यातून सांगायचं होतं. पण त्यानंतरच्या कितीतरी चित्रपट-मालिकांनी त्यातला अर्थ सोडला आणि गप्प आदिवासी तेवढा ठेवला. कोपऱ्यात उभा, हात जोडलेला, साहेबांकडे बघणारा.

मसालापटांत तर त्याहून वाईट. भिंतीवर वारली चित्र, डोक्यात पिसं, तोंडी 'झिंगालाला'. वारली, ठाकर, कातकरी, महादेव कोळी सगळे एकाच पातेल्यात. आपल्याकडचा ठाकर वेगळा, कातकरी वेगळा, त्यांची बोली वेगळी, हे इथल्या शाळेतल्या पोरालाही कळतं. पडद्याला कळत नाही.

आणि खरी कथा शोधायची तर लांब जायला नको. 25 सप्टेंबर 1930 ला उरणच्या चिरनेरला जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला. त्यातल्या हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी आहे. 'जैत रे जैत'चा नाग्या घराघरात पोहोचला. हा खरा नाग्या किती घरांत माहीत आहे, हे ज्याने त्याने आपल्या घरात विचारून बघावं.

कॅमेरा वाडीवर कधी चढतो?

ज्याला सगळे 'कर्जतचा स्टुडिओ' म्हणतात तो एन. डी. स्टुडिओ खरं तर खालापूर तालुक्यात, चौकजवळ आहे. 'जोधा अकबर'चे महाल तिथेच उभे राहिले, 'राजा शिवछत्रपती' मालिका तिथेच झाली. त्याच चौकच्या वर इर्शाळगड आणि त्याच्या अंगावर इर्शाळवाडी. ठाकरांची वाडी, वर जायला गाडीरस्ता नव्हता.

19 जुलै 2023 च्या रात्री वाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह हाती लागले, 57 जण बेपत्ता राहिले, चार दिवसांनी शोधकाम थांबवलं गेलं. त्या दिवसांत देशभरातल्या वाहिन्यांनी इर्शाळवाडीचं नाव घेतलं. पुढे 2 ऑगस्टला स्टुडिओचे नितीन देसाई गेले आणि कॅमेरे पुन्हा चौकला आले. दोन्ही घटना दुःखाच्याच. पण एक बघा. स्टुडिओत इतकी वर्षं राजे-महाराजे उभे राहत होते. तिथून डोळ्यांना दिसणाऱ्या डोंगरावरची माणसं देशाला दिसली ती मातीखाली गेल्यावर.

बातमी द्यायलाच हवी होती, मदत त्यामुळेच पोहोचली. तरी त्या वाडीची गाणी, लग्नं, नाती, डोंगरावर राहण्याची कारणं हे सगळं आकड्यांखाली दबलं. माणूस आधी माहीत असेल तर तो गेल्याचं दुःख खरं वाटतं. आधी माहीतच नसेल तर उरतो तो नुसता आकडा.

नावाला कायद्यात किंमत आहे

'नाव नाही टाकलं तर काय बिघडतं, दिवसाचे पैसे मिळाले ना?' असं वाडीवरचीच माणसं म्हणतात. त्यात तथ्य आहे. भातकापणी संपली की हाताला काम नसतं, शूटिंगचा एक दिवस म्हणजे रोख मजुरी. ती कुणी बंद पाडावी असं अजिबात नाही.

पण कायदा काय म्हणतो ते ऐका. कॉपीराइट कायदा 1957 मध्ये कलाकाराला स्वतःचा हक्क आहे. कलाकार म्हणजे नट, गायक, वादक, नर्तक, अगदी गारुडीसुद्धा. तुमचं गाणं, वाजवणं, नाचणं संमतीशिवाय रेकॉर्ड करता येत नाही. लेखी करार करून ते चित्रपटासाठी दिलंत, तरी त्याचा व्यापारी वापर झाला तर रॉयल्टीचा हक्क राहतो. हा हक्क 50 वर्षं टिकतो.

गंमत पुढे आहे. 2012 च्या दुरुस्तीत म्हटलंय की चित्रपटात ज्याचं काम किरकोळ आहे आणि रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत येत नाही, त्याला 'कलाकार' धरलं जाणार नाही. त्याच्याकडे एकच हक्क उरतो. त्याच्या कामाची बदनामी होईल अशी मोडतोड केली तर हरकत घ्यायची. म्हणजे शेवटी सरकत जाणाऱ्या त्या बारीक नावांच्या यादीला नुसता मान नाही, हक्कही चिकटलेला आहे. ढोल वाजवणाऱ्याला 'गर्दीतला माणूस' म्हणून उभं केलं की त्या हक्काची वाट अवघड होते.

दुसरा कायदा वनहक्काचा, 2006 चा. बहुतेकांना तो जमिनीच्या दाव्यापुरता माहीत आहे. पण त्याच्या कलम 3(1)(ट) मध्ये, इंग्रजीत ते 'के' आहे, जैविक आणि सांस्कृतिक विविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर समूहाचा बौद्धिक संपदेचा हक्क मान्य केला आहे. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळे पेसा कायद्याची ताकद आपल्या ग्रामसभांना नाही. वनहक्क कायदा मात्र इथेही लागू आहे.

दुसरीकडे काय झालं?

केरळच्या अट्टप्पाडीतल्या इरुला समाजाच्या नंजियम्मा शेळ्या-गुरं राखायच्या. 'अय्यप्पनुम कोशियुम' या 2020 च्या मल्याळम चित्रपटासाठी त्यांनी आपल्याच बोलीत गाणं रचलं आणि गायलं. 2022 मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्या सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिका ठरल्या. बोली बदलली नाही, आवाज शहरातून मागवला नाही, नाव त्यांचंच राहिलं.

लांबचं उदाहरण युरोपच्या उत्तर टोकाचं. तिथे रेनडियर पाळणारे सामी आदिवासी आहेत. डिस्नी कंपनीच्या 'फ्रोझन'मध्ये त्यांच्या संस्कृतीची छाप न विचारता घेतली गेली अशी टीका झाली होती. दुसऱ्या भागाच्या वेळी, 2019 मध्ये, सामींच्या प्रतिनिधी संस्थांनी कंपनीशी लेखी करार केला. कंपनीने त्यांच्या जाणकारांचा सल्ला घेतला आणि चित्रपट सामी भाषेतही आणला. एवढी मोठी कंपनी सही करते, तर आपल्याकडे येणारी युनिटं का करणार नाहीत? कारण आजवर आपण मागितलंच नाही.

मग आपण काय करायचं?

एन. डी. स्टुडिओ आता राज्य सरकारच्या चित्रनगरी महामंडळाकडे आहे. म्हणजे मागणी कुणाकडे करायची, हा प्रश्न थोडा सोपा झालाय. स्थानिक कलाकारांची नोंद ठेवा, आदिवासी पात्र असेल तर बोलीचा जाणकार त्याच समाजातला घ्या, नाव श्रेयनामावलीत टाका. या तीन मागण्या ग्रामपंचायतींनी ठराव करून पाठवायला हरकत नाही.

वाडीवर युनिट आलं तर काम, वेळ, पैसे आणि नाव कागदावर घ्या. कागदाचा फोटो काढून ठेवा. देवाची जागा, मयताचे विधी यांचं चित्रीकरण करायचं की नाही, हे एकट्याने ठरवू नका. वाडीची बैठक घ्या आणि त्यात बायांनाही बोलू द्या, कारण लग्नातली गाणी बहुतेक त्यांच्याच तोंडी आहेत.

आणि एक काम कुणाच्याही परवानगीशिवाय होण्यासारखं आहे. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. पोरं भट्टीवर मोबाइलमधली हिंदी गाणी ऐकत मोठी होतात. आजी एकीकडे, नातवंडं दुसरीकडे. बोली तुटते ती इथे. घरी आलात की आजीला विचारून, तिची परवानगी घेऊन रेकॉर्डिंग करा. गाणं, गोष्ट, झाडांची नावं, काहीही. सुरुवातीला तिलाच तिचं नाव, वाडी आणि आईबापाचं नाव सांगायला लावा. लगेच यूट्यूबवर टाकायची घाई नको, दोन ठिकाणी जपून ठेवा.

जीन्स घालून मोटरसायकलवर फिरणारा पोरगाही ठाकरच आहे, नर्सिंग शिकणारी पोरगीही कातकरीच आहे. त्यांनाही पडद्यावर यायचंय, पण पिसं लावून नाही.

आणि स्टेशनजवळ शेवळं घेताना तुमच्याही हातात मोबाइल असेल, तर व्हिडिओआधी नाव विचारा. ती सांगेल. तिला आजवर कुणी विचारलंच नसेल.