आकड्यापूर्वी मोजणी पाहा



शहरात नवे धोरण आले की त्याबरोबर आकडे येतात. इतकी घरे उभी राहतील, इतक्या झोपड्या हटतील. कागदावर ते ठाम दिसतात. वस्तुतः बहुधा ते जुन्या मोजणीवर बेतलेले अनुमान असते. ते चुकले तर भार पडतो तो ज्यांची मोजदादच नीट झालेली नाही अशांवर, आणि झोपडपट्टीतील आपली कुटुंबे त्यांतच मोडतात.

मोजणी कशी फसविते याचा दाखला आपल्याच इतिहासात आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण १९८१ साली सुमारे ७ टक्के होते. १९९१ साली ते ११ टक्क्यांवर गेले. दहा वर्षांत एवढी माणसे जन्मास आली काय? नाही. १९९० च्या कायद्याने धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातींत स्थान मिळाले, हे त्याचे मुख्य कारण. माणसे तीच होती, व्याख्या बदलली.

आता मुंबईकडे पाहा. बृहन्मुंबईत २००१ च्या जनगणनेत सुमारे ६५ लाख झोपडपट्टीवासी नोंदले गेले. २०११ मध्ये सुमारे ५२ लाख. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण १९९५ मध्ये स्थापन झाले. मग ही घट त्याचेच यश म्हणावयाची काय? पक्के घर मिळाले तर आकडा घटतो. पण कुटुंब शहराबाहेर फेकले गेले तरीही तो घटतोच. एकट्या बेरजेवरून या दोहोंतील भेद कळत नाही. त्यानंतरची जनगणना २०२१ मध्ये झालीच नाही.

म्हणून अनुमान करूच नये, असे नव्हे. ते प्रामाणिक असावे. एकच आकडा न सांगता किमान व कमाल असे दोन सांगावेत. शिधापत्रिका, शाळेचा पट, मतदारयादी व नळजोडण्या परस्परांशी ताडून पाहाव्यात. अनुमान चुकले तरी कोणी बेघर होणार नाही, अशीच योजना आखावी.

आपलेही कर्तव्य आहे. प्रत्येक वस्तीने आपली नोंदवही ठेवावी : कुटुंबे किती, केव्हापासून राहतात, कोण कोठे हलविले गेले. जनगणनेत धर्म बौद्ध सांगावा, आणि अनुसूचित जातीच्या नोंदीत यादीतील जातीचे नाव द्यावे. केवळ ‘नवबौद्ध’ लिहिल्यास ती नोंद निसटण्याचा धोका असतो.

ऐकीव गोष्ट पारखल्याशिवाय मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. सरकारी आकडाही त्यास अपवाद नाही.

जय भीम!