पंचांगावर चालणारी दुकानदारी

ग्रामीण भागातील व्यवसायाची चर्चा बहुधा कमी भाडे आणि स्वस्त मजुरी यांपाशी सुरू होते व तिथेच संपते. परंतु गोदाकाठच्या बासरला धंद्याचे गणित आधी पंचांगावर मांडावे लागते. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात असलेले आणि २०१६ च्या पुनर्रचनेत निर्मल जिल्ह्यात गेलेले हे गाव ज्ञानसरस्वतीच्या मंदिरासाठी प्रसिद्ध असून, मुलाकडून पहिले अक्षर गिरवून घेण्याच्या, म्हणजेच अक्षराभ्यासाच्या, विधीसाठी तेलंगणाबरोबरच महाराष्ट्रातूनही कुटुंबे येथे येतात. वसंतपंचमीला आणि शारदीय नवरात्रात गर्दी उसळते, तर एरवीच्या आडवारी पाटी-पेन्सिल, हळदकुंकू आणि नारळ मांडून बसलेल्या विक्रेत्याला गिऱ्हाइकाची वाट पाहावी लागते. न खपलेली पाटी पुढच्या मुहूर्तापर्यंत टिकते. फुलांना मात्र दुसरा दिवस नसतो.

तरीही या विक्रेत्याचा एक मोठा लाभ सहसा लक्षात घेतला जात नाही. गिऱ्हाईक परगावचे असल्यामुळे व्यवहार रोखीचा होतो आणि जाहिरातीचा खर्च तर देवीनेच उचललेला असतो. त्याच गावातील किराणा दुकानदाराची स्थिती नेमकी उलटी असते. त्याचे गिऱ्हाईक ठरलेले, पण कापूस किंवा सोयाबीन विकून हाती पैसा येईपर्यंत वहीत मांडून ठेवायची उधारी हीच त्या हक्काच्या गिऱ्हाइकाची किंमत असते. ग्रामीण व्यवसायाचे भांडवल म्हणून जिची वाखाणणी होते ती ओळखच वसुलीच्या वेळी आड येते, कारण ज्याच्या घरच्या लग्नाला जायचे त्याच्या दारात तगादा लावणे कठीण. २०२० च्या टाळेबंदीत मात्र मंदिर भाविकांसाठी बंद झाल्याने प्रसादसाहित्याच्या विक्रीचा आधारच गेला, तर जीवनावश्यक म्हणून किराणा दुकानांना मुभा राहिली.

२००८ मध्ये स्थापन झालेल्या राजीव गांधी ज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठामुळे हजारो विद्यार्थी बासरला आले खरे. पण ते निवासी असल्याने राहणे-जेवणे आवारातच होते, आणि म्हणून विद्यार्थिसंख्येवरून बाजारपेठेचा अंदाज बांधणे फसवे ठरते.

राज्याची सीमा हा आणखी एक पेच आहे. रेल्वेने नांदेडकडे निघाले की जवळच धर्माबाद, मिरचीच्या व्यापारासाठी नावाजलेले महाराष्ट्रातील गाव, लागते. नातीगोती आणि भाषा सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेली आहेत. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर राज्याराज्यांतील करभेद पुष्कळसा मिटला. मात्र परराज्यात माल विकणाऱ्याला, काही अपवाद वगळता, उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी सक्तीची आहे आणि ठोक दराने कर भरण्याची सवलत, जिला आपसमेळ योजना म्हणतात, ती घेतलेल्या व्यापाऱ्याला तर परराज्यात विक्री करताच येत नाही. धर्माबादचे गिऱ्हाईक बासरला येऊन हवे ते घेऊन जाऊ शकते. तोच माल त्याच्या गावी पोचता करायचा झाला, तर लहान दुकानदार कचरला यात नवल नाही.