शूज घातलेले काका

सकाळचे साडेदहा. बाबा कॅज्युअल्टीत स्ट्रेचरवर. न्यूमोनिया. ऑक्सिजन, सलाईन सगळं सुरू होतं, पण वर वॉर्डात बेड नाही. 'वेट करा,' एवढंच उत्तर.

अडीचला चहा शोधत तिसऱ्या मजल्यावर गेले, तर एक काका बेडवर चक्क शूज घालून बसलेले! बॅग भरलेली. 'दहालाच डॉक्टर म्हणाले, जा घरी. फाइल बिलिंगला गेलीय.'

म्हणजे बेड होता, मंडळी. फक्त त्यावर एक बरा झालेला माणूस अडकला होता.

आपल्याला वाटतं, सगळे बेड भरलेले म्हणजे हॉस्पिटल जोरात. रांगेचं गणित वेगळंच सांगतं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग नावाच्या इंजिनिअरनं १९०९ मध्ये त्याचा पाया घातला. समजा एकच काऊंटर आहे, लोक कधीही टपकतात आणि एकाला सरासरी १० मिनिटं लागतात. काऊंटर ८० टक्के बिझी असेल तर सरासरी ४० मिनिटं ताटकळायचं. ९० टक्क्यांवर ९० मिनिटं, ९५ वर तब्बल १९०! बेड अनेक असले की आकडे सौम्य होतात, पण तऱ्हा तीच. म्हणूनच काकांचे ते साडेचार तास खाली बाबांना इतके महाग पडले.

आता डिस्चार्जची वरात बघा. डॉक्टरांचा राऊंड, मग समरी टाइप, मग उरलेली औषधं फार्मसीत परत, मग बिल, मग इन्शुरन्स, शेवटी मावशी बेड पुसणार. सगळं एकामागोमाग. २०२४ मध्ये आयआरडीएआयने कॅशलेस डिस्चार्जला तीन तासांत मंजुरी द्या, असं विमा कंपन्यांना बजावलं. छानच. पण ते घड्याळ हॉस्पिटलची रिक्वेस्ट पोचल्यावर सुरू होतं. फाइल दोनला निघाली तर काय करणार?

मदुराईच्या अरविंद नेत्रालयात (१९७६ मध्ये ११ बेडवर सुरू झालेलं) सर्जन एका टेबलावर ऑपरेशन करत असताना शेजारच्या टेबलावर पुढचा पेशंट तयार असतो. कुणी कुणासाठी थांबत नाही. डिस्चार्जचे कागद आदल्या संध्याकाळी तयार ठेवायला याहून कमीच डोकं लागेल, नाही का?

बाबांना बेड मिळाला साडेपाचला. सहा दिवसांनी डिस्चार्जच्या आदल्या रात्री मी सिस्टरांना विचारलं, 'समरी आजच टाइप होईल?' त्या आधी वैतागल्या, मग हसल्या. दुसऱ्या दिवशी साडेबाराला आम्ही रिक्षात होतो. बाबांनी शूज मात्र बिल हातात पडल्यावरच घातले.