छंदाची कुंडी आणि पोटाची कुंडी

दिवाळी अंकात भांडू नये असा संकेत आहे. फराळाच्या ताटाशेजारी अंक उघडणाऱ्या वाचकाशी गोड बोलावे, त्याला चार घटका हसवावे आणि पाडव्याच्या शुभेच्छा देऊन निरोप घ्यावा, हे मलाही कळते. पण मी पडलो लालबागचा. आमच्याकडे सण आणि भांडण एकाच जिन्यावर बिऱ्हाड करून राहतात. तेव्हा वाचकहो, चकली तोंडात असतानाच ऐकून घ्या. आपण सगळे मिळून कुंभाराच्या पोटावर पाय देत आहोत, आणि त्यातला पहिला आरोपी मी स्वतः आहे.

मी एकतीस वर्षे परळच्या एका शाळेत चित्रकला शिकवली. निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, दिवसभर घरात माझ्या मागे मागे फिरू नका, हाताला काही काम लावा." आमच्या भागात गणपतीच्या कारखान्यांमुळे मातीची ओळख सगळ्यांनाच. शेजारच्या मूर्तिकाराकडून मी गोळाभर शाडू आणली, कुंडी वळली आणि न भाजताच तिच्यात तुळस लावली. चौथ्या दिवशी कुंडी आपोआप विसर्जित झाली. तुळस तेवढी वाचली.

तिथून मी शिकत गेलो. माती आधी चाळायची, मळायची, तिच्यातली हवा काढायची. तळाला भोक हवेच, नाहीतर मुळे कुजतात. कुंडी उन्हात घाईने वाळवली तर तडकते; ओल्या फडक्याखाली, सावलीत, दिवसेंदिवस वाळवावी लागते. पावसाळ्यात तर ती वाळतच नाही. भाजलेल्या मातीच्या अंगाला बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी झिरपते, मुळांना वारा मिळतो आणि कुंडी गार राहते. प्लास्टिकच्या कुंडीला ही विद्या नाही.

चाळीत भट्टी लावणे शक्य नव्हते. म्हणून कच्च्या कुंड्या टेम्पोत घालून मी धारावीच्या कुंभारवाड्यात नेऊ लागलो. तिथली बहुतेक कुटुंबे मूळची काठियावाडची. आधी ती दक्षिण मुंबईत होती; शहर वाढले तसे धुराला आणि मातीला नाके मुरडत इंग्रजी अमदानीने त्यांना धारावीकडे सरकवले. गिरगावाजवळच्या जुन्या वस्तीचे नाव मात्र आजही कुंभारवाडाच आहे. मी मुद्दाम तिथून हिंडून आलो. मला एकही चाक दिसले नाही. माणसे घालवून त्यांचे नाव ठेवायचे, ही मुंबईची जुनी कृतज्ञता आहे!

असो. माझ्या कुंड्या दादरच्या एका प्रदर्शनात गेल्या आणि हातोहात खपल्या. "अय्या, हाताने केली?" असे म्हणून बायाबापड्या त्या उचलून घेत. जणू उरलेल्या जगातली मडकी कोणी पायाने करतो! मी किंमत ठेवली होती एकशेवीस. का, तर तेवढ्यात लोक कुरकुर करत नव्हते. माझे नाव झाले, मागण्या आल्या. भाचा म्हणाला, "काका, आता धंदा वाढवा. साच्यातून पाडून घ्या, वर 'हस्तनिर्मित'ची चिठ्ठी चिकटवा, कोण बघतंय?" त्याला मी हाकलून दिले आणि स्वतःच्या सचोटीवर खूष होऊन झोपलो.

ती झोप कुंभारवाड्यातल्या ज्या गृहस्थाच्या भट्टीत मी माल भाजून घेत असे, त्याने उडवली. एके दिवशी तो सहज म्हणाला, "मास्तर, तुमची कुंडी चांगली. पण तुम्ही एकशेवीसला विकता. माझं गिऱ्हाईक येऊन सांगतं, मास्तर नक्षी करून एकशेवीसला देतात, तू साध्या कुंडीचे एवढे का मागतोस? तुम्हाला पेन्शन आहे. मला काय आहे?"

मी घरी आलो आणि आयुष्यात प्रथमच हिशेब मांडला. एका कुंडीला माती वीस रुपये, भाजणावळ तीस, टेम्पोचा वाटा दहा, म्हणजे साठ. दहा कुंड्यांना सहाशे. दहांतल्या दोन वाळताना किंवा भट्टीत जातात, उरतात आठ. एकशेवीसप्रमाणे नऊशेसाठ आले. सहाशे वजा जाता तीनशेसाठ. एका कुंडीला दोन तास म्हटले तर दहांचे वीस तास. तासाला पडले अठरा रुपये! आठ तास राबलो तर एकशेचव्वेचाळीस. ह्या मजुरीत मुंबईत कोण घर चालवील? मी चालवीत नव्हतोच. घर पेन्शन चालवीत होते, आणि त्या पेन्शनच्या जोरावर मी एका पोटार्थी माणसाचा भाव पाडत होतो. भाच्याची लबाडी निदान उघडी होती. माझी 'छंद' ह्या गोजिरवाण्या शब्दाखाली झाकलेली होती.

म्हणून माझा सवाल सगळ्या छंदिष्टांना आहे. पणत्या रंगवणाऱ्या, कुंड्या वळणाऱ्या, कंदील करणाऱ्या भगिनींना आणि बंधूंना. हौस असेल तर वस्तू फुकट वाटा, पुण्य लागेल. पण विकायची असेल तर पुरती किंमत घ्या. "मला काही पैशासाठी करायचं नाही हो," हे वाक्य ज्याला पैशासाठीच करावे लागते त्याच्या तोंडावरची चपराक आहे.

ह्यावर उत्तरे येतात, तीही पाहू. प्लास्टिक स्वस्त, हलके, फुटत नाही. कबूल. विसाव्या मजल्याच्या कठड्यावर मातीची जड कुंडी टांगू नका, एवढी अक्कल मलाही आहे. पण घराच्या आत खिडकीपाशी एक तुळस ठेवायला कोणी अडवले आहे? दुसरे उत्तर: भट्ट्यांचा धूर. तोही खरा, आणि तो सर्वांत आधी कुंभाराच्याच बायकापोरांच्या छातीत जातो. त्यावर इलाज बरी भट्टी हा आहे, कुंभार हटवणे हा नाही. धारावीच्या पुनर्विकासाचे काम २०२२ साली अदानी समूहाच्या बोलीकडे गेले. नव्या इमारतीत खोली मिळेलही. पण चाक, ओली माती आणि भट्टी कितव्या मजल्यावर ठेवायची, हे विचारणे म्हणजे प्रगतीला विरोध नव्हे.

तिसरे उत्तर: सरकार करते आहे की! करते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत कुंभार आहे. अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि पाच टक्के व्याजाने दोन हप्त्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज मिळते. चांगलेच आहे. पण सरकार चाक देईल. गिऱ्हाईक काही सरकार देऊ शकत नाही. ते तुम्ही आणि मी व्हायचे असते. आणि आपण काय करतो? मोठ्या दुकानात चिठ्ठीवरची किंमत मुकाट देतो आणि पदपथावर डझनभर पणत्यांसाठी पाच रुपयांवरून हुज्जत घालतो.

१८५७ पासून मुंबईत जे. जे. कलाशाळा आहे. मडके कलाशाळेतून आले तर कलाकृती आणि कुंभारवाड्यातून आले तर माल, हा भेद आमच्या डोळ्यांत आहे, मातीत नाही. आमच्या गोरोबाकाकांनी तर थापटणे हाती घेऊन संतांची डोकी ठोकली आणि नामदेवांना कच्चे ठरवले, अशी कथा आहे. कच्चे-पक्के ओळखण्याचा अधिकार त्या समाजाने कुंभाराला दिला होता. आम्ही त्याला भाव ठरवण्याचाही अधिकार देत नाही.

मी कुंडीची किंमत दोनशे केली. निम्मी गिऱ्हाइके गेली. आता तासाला पन्नास पडतात. श्रीमंती नव्हे, पण लाजही नाही. धंदा वाढवला तो एवढाच, की मोठ्या कुंड्या आता तो कुंभारवाड्याचा गृहस्थ चाकावर घडवतो, मी नक्षी कोरतो, आणि तळाला दोघांची नावे असतात. त्याच्या कामाचे पैसे तो सांगेल तेवढे.

पाडव्याला अवश्य या. फराळ आहे, चहा आहे. कुंडी दोनशे रुपये. घासाघीस करायची असेल तर चहा दुसऱ्यांदा मिळेल, कुंडी मिळणार नाही.