दुधाच्या कॅन आणि गाडीचे शॉकअप



या सदरात आपण नेहमी बी-बियाणे, खते, गोठा यांबद्दल बोलतो. आज मोटारसायकलीबद्दल बोलणार आहे. पण तीही आता नांगराइतकीच शेतीची वस्तू झाली आहे. अंबाडी नाक्यावर पहाटे पाचला उभे राहा. वज्रेश्वरीकडून, वाड्याकडून गाड्या येतात त्यांच्या दोन्ही अंगांना दुधाच्या कॅन, मागे भाजीचे पोते, आणि टाकीवर वैरणीची पेंढी ठेवणारेही महाभाग भेटतात. एकेकाळी हे काम राजदूत करी, आज शंभर-सव्वाशे सीसीच्या हलक्या गाड्या करतात. ओझे मात्र तेच आहे.

मागच्या पावसाळ्यात, ऐन आवणीच्या आठवड्यात, आमच्या ओळखीचा एक तरुण उतारावर पडला. खड्डा काही फार मोठा नव्हता. मागचा भाग खाली दबलेला, पुढचे चाक हलके झालेले. हँडल थरथरले आणि गाडी आडवी झाली. गळपट्टीचे हाड मोडले. दूध गेले ते गेलेच, पण रोपे तयार, चिखलणी झालेली आणि घरधनी हात गळ्यात बांधून ओटीवर बसलेला! आवणी शेवटी घरधनिणीने आणि म्हाताऱ्या सासूने मजूर लावून उरकली. मी भेटायला गेलो तेव्हा ती माउली म्हणाली, "साहेब, गाडी नवीच होती हो."

गाडी नवी होती हे खरे. मागच्या शॉकअपची चकती मात्र कारखान्यातून आली तशीच, सर्वांत मऊ खाचेवर होती. ती फिरते हेच घरात कोणाला ठाऊक नव्हते.

माझ्या नात्यातला एक मुलगा शर्यतीच्या मैदानावर गाडी चालवायला जातो. तमिळनाडूत कोइमतूर येथे, तसेच चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर भागात असे पक्के मार्ग आहेत. पैसे भरून साध्या माणसालाही तेथे दिवसभर गाडी चालवता येते. जागतिक मोटोजीपी शर्यतही 2023 च्या सप्टेंबरात ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर झाली, भारतात पहिल्यांदाच. मला त्या वेगाचे काडीचे कौतुक नाही. पण ही मुले मैदानावर उतरण्याआधी शॉकअप कसा मापून लावतात ते त्याच्याकडून ऐकले, आणि वाटले, हे तर आपल्या दूधवाल्याला आधी हवे!

त्यांचे पहिले काम म्हणजे गाडी किती बसते ते मोजणे. आपणही मोजावे. गाडी डबल स्टँडवर घ्या म्हणजे मागचे चाक अधांतरी राहील. चाकाच्या आसाच्या नटापासून सरळ वर, सीटखालच्या एखाद्या खुणेपर्यंत शिंप्याच्या टेपने अंतर घ्या. समजा 520 मिलिमीटर आले. आता गाडी जमिनीवर घेऊन चालवणाऱ्याने बसावे, एकाने पुढून हँडल धरावे आणि तिसऱ्याने पुन्हा मोजावे. 490 आले तर गाडी 30 मिलिमीटर बसली. लहान गाडीचे मागचे चाक साधारण 80 ते 100 मिलिमीटर वर-खाली होते. त्याचा तिसरा हिस्सा बसण्यात जावा, बाकीचा खड्ड्यासाठी शिल्लक राहावा, हा ठोकताळा.

मग भरलेल्या कॅन लावून मोजा. दूध पाण्याहून किंचित जड असते. 40 लिटर दुधाचे वजन 41 किलो भरते, कॅनचे वेगळे. अशा दोन कॅन लावल्या की आकडा पार खाली जातो. निम्म्याहून जास्त हालचाल नुसत्या ओझ्याने संपली, तर पहिल्याच खड्ड्यात शॉकअप तळाला आपटणार. हेडलाइट झाडाच्या शेंड्यावर पडू लागला, तरी हेच समजावे.

मागच्या दोन्ही शॉकअपच्या बुडाशी खाचांची चकती असते. गाडीबरोबर मिळालेल्या आकड्याच्या पान्ह्याने ती फिरवून वरची खाच घ्यावी. दोन्ही बाजूंना खाच एकच हवी. एकच शॉकअप असलेल्या गाडीचे काम गॅरेजवाल्याकडूनच करून घ्यावे. येथे एक गैरसमज सांगतो. चकती फिरवल्याने स्प्रिंग कडक होत नाही, ती फक्त आधीच थोडी दाबून बसवली जाते, म्हणून गाडी उंच राहते. शेवटच्या खाचेवरही गाडी निम्म्याहून जास्त बसत असेल, तर दोष ओझ्याचा आहे. पुस्तिकेत लिहिलेल्या भाराच्या पुढे जाऊ नये, दोन फेऱ्या कराव्यात. पेट्रोल जाईल हे मलाही कळते. पण त्या घरची आवणी मी पाहिली आहे.

उलट बाजूही आहे. रिकाम्या कॅन घेऊन परतताना तीच कडक खाच ठेवली तर चाक खड्ड्यावरून उडते, आणि उडालेल्या चाकाला ब्रेक लागत नाही. दोन मिनिटांचे काम आहे, खाच परत घ्यावी.

स्प्रिंग धक्का झेलते, पण तिचे उसळणे आवरते ते आतले तेल. सीट जोराने दाबून सोडा. गाडी वर येऊन शांत झाली तर ठीक. दोन-तीनदा नाचली तर ते तेल कामातून गेले. लहान गाड्यांचे मागचे शॉकअप बहुधा बंद असतात, ते जोडीनेच बदलावेत. पुढच्या नळ्यांतले तेल बदलता येते, दोन्हींत सारख्या मापाने. आपल्याकडे पुढचे सील जाते ते चिखलाने. नळीवर वाळलेली माती सीलला कानशीसारखी घासते, तेल गळते आणि डिस्कवर उतरले तर ब्रेकच जातो. म्हणून बैल धुतो तशी संध्याकाळी नळी ओल्या फडक्याने पुसावी. हे काम घरातल्या पोरांनाही जमते.

मैदानावरची मुले टायरची हवा कमी ठेवतात म्हणे. ती नक्कल मुळीच करू नये. चेनकव्हरवर किंवा पुस्तिकेत दिलेलीच हवा, टायर थंड असताना भरावी. ओझ्यासाठी मागची जास्त सांगितलेली असते.

त्यांची एक सवय मात्र मला मनापासून आवडली. ती एका वेळी एकच बदल करतात आणि वहीत लिहितात. आपण खताचा प्रयोग घेताना एक वाफा तसाच सोडतो, तेच हे. पडलेल्या त्या तरुणाच्या दुधाच्या वहीत आता शेवटच्या पानावर भरलेल्या आणि रिकाम्या गाडीची खाच, हवा आणि टेपचे आकडे लिहिलेले आहेत. त्याने कॅनचा सांगाडाही थोडा पुढे व खाली घेतला आहे, म्हणजे ओझे मागच्या आसाच्या पाठीमागे लोंबत नाही. चेन तेवढी माणूस बसवून तपासायची राहिली होती. गाडी खाली बसते तशी चेन ताणली जाते, म्हणून ओझ्याची खाच बदलली की तिचा ढिलेपणाही पुन्हा पाहावा लागतो. ते काम या रविवारी करू असे ठरले आहे.