‘एक्सपोजर’ नको, सुपारी द्या

मी गेली अकरा वर्षं मुंबई-पुण्यात जॅझ वाजवणाऱ्यांची कामं बघते. म्हणजे कार्यक्रम ठरवायचे, पैशांचं बोलायचं, करार लिहायचा, साउंडवाल्याच्या मागे लागायचं आणि कार्यक्रम झाला की उरलेल्या रकमेसाठी दोन-दोन महिने फोन करत बसायचं. या काळात मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य असं आहे: ‘‘बजेट नाहीये, पण एक्सपोजर जबरदस्त मिळेल.’’

हे म्हणणारा माणूस दुष्ट नसतो. त्याला जॅझ खरोखर आवडतं. त्याच्या कॅफेच्या भिंतीवर माइल्स डेव्हिसचा फोटो असतो. पण ती भिंत रंगवणाऱ्याला त्याने एक्सपोजर दिलेलं नसतं, पैसे दिलेले असतात. शेफला, वेटरला, बर्फवाल्यालाही पैसेच मिळतात. कलेचं पावित्र्य त्याला फक्त वाजवणाऱ्यासमोर आठवतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं की आपल्याकडे जॅझ ऐकतं कोण? मला हे मान्य नाही. ऐकणारे कमी असतील, पण आहेत. जॅझचं नुकसान त्यांच्या संख्येमुळे झालेलं नाही. वाजवण्याची किंमत उघडपणे बोलायची आपल्याला लाज वाटते, नुकसान त्या लाजेने केलंय.

हिशेब मांडून बघू. समजा, चौघांच्या बँडला एका रात्रीचे सोळा हजार मिळाले. माझे पंधरा टक्के गेले, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला आले तीन हजार चारशे. त्यात दोन तालमींचं स्टुडिओभाडं आहे. डबल बास रिक्षात मावत नाही, त्यामुळे मोठी गाडी करावी लागते, तिचं भाडं आहे. दुपारी चारला साउंडचेक, घरी पोचायला रात्रीचा एक. दोन तालमींचे दिवस धरले तर तीन दिवसांच्या कामाचे धड तीन हजारही हातात उरत नाहीत. आणि ही पैसे मिळाल्याची गोष्ट आहे.

मग फुकट कोण वाजवू शकतं? ज्याचं घरभाडं बाबा भरतात तो. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही, तो चांगलाही वाजवत असेल. पण त्याने एकदा फुकट वाजवलं की पुढच्याला तोच दर सांगितला जातो. माझ्याकडे एक ड्रमर होता, डोंबिवलीचा, बाप गिरणी कामगार. त्याच्याइतकं ब्रशेसवर हळुवार वाजवणारं मी दुसरं कुणी बघितलं नाही. आज तो एका कंपनीत रात्रपाळी करतो आणि ड्रमसेट विकून झालाय. ‘पॅशन असेल तर माणूस टिकतोच’ असं म्हणणाऱ्यांनी एकदा त्याला भेटावं.

आणि गंमत अशी की जॅझ आपल्याकडे पोटापाण्याचं काम म्हणूनच रुजलं. १९३०च्या दशकात ताजमहाल हॉटेलात लिऑन अ‍ॅबी, टेडी वेदरफर्ड असे कृष्णवर्णीय अमेरिकन वादक येऊन वाजवू लागले. त्यांच्याकडून हे संगीत उचललं ते मुख्यतः गोव्याच्या वादकांनी. गावातल्या चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेली ही मुलं कामाच्या शोधात मुंबईला आली होती. रात्री हॉटेलात वाजवायचं, दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जायचं. आपले सी. रामचंद्र म्हणजे रामचंद्र चितळकर. १९५१च्या ‘अलबेला’मधली त्यांची गाणी ऐका, त्यात चिक चॉकलेट या गोवेकर ट्रम्पेटवाल्याचा स्विंग आहे.

या लोकांना काम मिळालं, पण श्रेयनामावलीत नाव क्वचितच मिळालं. अँथनी गोन्साल्विस हे नाव आपल्याला १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यामुळे माहीत आहे. ते माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक आणि अ‍ॅरेंजर होते, आणि शिष्य प्यारेलाल यांनी त्या गाण्यातून त्यांना मानवंदना दिली, हे किती जणांना माहीत असतं? त्या पिढीतल्या बहुतेकांच्या बाजूने कागदावर अटी लिहून घेणारं कुणी नव्हतं. शिष्याच्या प्रेमावर एखाद्याचं नाव टिकतं, बाकीच्यांचं पुसलं जातं.

कागदावरची अट काय करू शकते, याचं जॅझमधलं ठळक उदाहरण म्हणजे नॉर्मन ग्रँझ. १९४४ साली लॉस एंजेलिसच्या फिलहार्मोनिक सभागृहात त्याने जॅझचा कार्यक्रम लावला आणि पुढे ‘जॅझ अ‍ॅट द फिलहार्मोनिक’ या नावाने देशभर दौरे काढले. काळ्या-गोऱ्या श्रोत्यांना वेगळं बसवायचं नाही, ही अट तो करारात घालायचा. काळ्या-गोऱ्या वादकांना मानधन सारखं, हॉटेल सारखं. १९५५मध्ये ह्यूस्टनला पोलीस एला फिट्झजेरल्डच्या ड्रेसिंगरूममध्ये घुसले आणि जुगाराच्या नावाखाली तिला, डिझी गिलेस्पीला आणि खुद्द ग्रँझला पकडलं. ग्रँझ ते प्रकरण कोर्टात लढला. तो धंदा करणाराच माणूस होता, भरपूर कमावलं त्याने. पण भाषणांनी जे होत नव्हतं, ते त्याने करारातल्या एका कलमाने करून दाखवलं.

‘हे अमेरिकेत ठीक आहे’ म्हणाल, तर नारायणगावला जा. गुढीपाडव्याच्या सुमाराला तिथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्या येतात, तारीख बघतात, घासाघीस करतात आणि सुपारी देतात. सिनेमाने या शब्दाला पिस्तूल चिकटवलं, पण मुळात सुपारी म्हणजे कलावंताची तारीख पक्की केल्याची खूण. नाटकातला नट प्रयोगाची ‘नाईट’ घेतो, गवयाला बिदागी मिळते. नाटकाच्या जाहिरातीत ‘सूत्रधार’ म्हणून व्यवस्था बघणाऱ्याचं नाव छापलं जातं. कलेचा व्यवहार आपल्याला नवा नाही. इंग्रजी मेन्यूकार्ड समोर आलं की मात्र आपण तो विसरतो.

कायदाही वादकाच्या बाजूने आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने, आपल्या सादरीकरणाला आपलं नाव लागावं हा हक्क कलावंताला दिलाय. त्याच्या संमतीशिवाय धंद्यासाठी रेकॉर्डिंग करता येत नाही. तरीही एका ठिकाणी माझ्या बँडचा अख्खा सेट चित्रित करून त्याच्या रील्स जाहिरातीसाठी फिरवल्या गेल्या. नाव कुणाचं? कॉकटेलचं. मी विचारलं, तर उत्तर आलं, ‘‘मॅडम, तुमचीच पब्लिसिटी होतेय ना!’’

माझ्या धंद्यातली माणसंही धुतल्या तांदळासारखी नाहीत. जागेकडूनही कमिशन घ्यायचं आणि वादकाकडूनही, वादकाला खरा आकडा सांगायचाच नाही, हे सर्रास चालतं. त्यांना मॅनेजर म्हणू नका, आपल्याकडे ‘दलाल’ हा शब्द आहे. मॅनेजर ओळखायची खूण सोपी आहे: तो आकडा सगळ्यांसमोर सांगतो, आणि आधी वादकांना देऊन मग स्वतःचे घेतो. ज्यांना या कामात यायचंय त्यांनी ओळखी वाढवण्याआधी एक पानी करार लिहायला शिकावं. त्यात चार गोष्टी हव्यात: अर्धी रक्कम आधी, उरलेली त्याच रात्री, पोस्टरवर प्रत्येक वादकाचं नाव, आणि रेकॉर्डिंगला वेगळी परवानगी. समोरचा म्हणेल, ‘‘आपल्यात कशाला कागद?’’ हे जो म्हणतो, त्याच्याकडून कागद आधी घ्यावा.

आणि तुम्ही, जे हे फोनवर वाचताय. पुढच्या वेळी कुठे ‘लाइव्ह जॅझ, एन्ट्री फ्री’ दिसलं, तर मालकाला विचारा, बँडला किती देता? तो ओशाळेल, चिडेल, विचारायचं सोडू नका. तिकीट असेल तर काढा. गेस्टलिस्टवर नाव घालायला वादक मित्राला सांगू नका, त्याच्या मिळकतीतला तो तुकडा असतो. आणि घरी जाताना बासवाल्याचं नाव विचारून घ्या.