गोठ्याला छप्पर आहे, ऐरणीला नाही

पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. यादीत अठरा व्यवसाय आहेत. कारागिराला पाच-सात दिवसांचं प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५ हजार रुपयांचं ई-व्हाउचर आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत कर्ज. वाढई त्या यादीत आहे, लोहार आहे, सुपं-टोपल्या विणणारा बुरड आहे, कुंभार आणि शिंपी आहेत. गडचिरोली जिल्ह्याच्या कुरखेडा तालुक्यातल्या कुठल्याही मोठ्या गावात यातले निदान तिघे-चौघे सापडतील. व्हाउचरवर आलेलं रंधायंत्र ते ठेवतात कुठे, हे मात्र योजनेच्या कागदांत कुठेच विचारलेलं नाही.

बहुतेकदा ते खाटेखाली असतं. वाढई अंगणातल्या कडुनिंबाखाली बसतो, बुरड ओसरीत, लोहार रस्त्याच्या कडेला चार बल्ल्यांवर ताडपत्री ताणून. जून लागला की ताडपत्री गळते, ओलं लाकूड रंध्याला दाद देत नाही, आणि नांगर-वखराच्या दुरुस्तीची गर्दी नेमकी त्याच दिवसांत उसळते. विजेवर चालणारं हत्यार ओल्या अंगणात चालवणं तर जिवाशी खेळ. म्हणजे सरकारने हत्यार दिलं, पण ते वर्षाचे आठ महिनेच चालेल अशी व्यवस्थाही आपसूक झाली.

घरकुलात जागा काढा, असं कुणी म्हणेल. पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, स्वयंपाकाच्या जागेसकट. म्हणजे सुमारे २७० चौरस फुटांत माणसं, चूल, धान्याची कोठी आणि देव. त्यात भुसा आणि ठिणग्या कुठे मावणार?

गंमत अशी की जनावरांच्या बाबतीत हा प्रश्न सरकारला नीट सुचलेला आहे. राज्याच्या २०२१ च्या शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत रोजगार हमीच्या कामांना जोड देऊन गाई-म्हशींचा पक्का गोठा, शेळ्यांचं शेड, कोंबड्यांचं शेड मंजूर झालं. दोन ते सहा जनावरांच्या गोठ्यासाठी ७७ हजार १८८ रुपये धरले गेले. गोठा हवाच, त्याबद्दल तक्रार नाही. हातमागाच्या विणकराला आणि खादीच्या कारागिराला कामाच्या शेडसाठी मदत देण्याच्या योजनाही देशात आहेत. मग वाढई, लोहार आणि बुरड यांनीच काय घोडं मारलंय?

कमी पैशात घरामागच्या सांदवाडीत कामाची शेड उभारता येते का, याचं उत्तर आधी मोजमापातून शोधायला हवं. बारा फूट लांब आणि नऊ फूट रुंद, म्हणजे १०८ चौरस फूट. घरकुलाच्या निम्म्याहूनही कमी. एवढ्या जागेत भिंतीला लागून सहा फुटी बाक बसतो, आठ-दहा फुटी पाटी आडवी धरून रंधता येते आणि माणूस भोवती फिरू शकतो. टिनाचा पत्रा बारा फुटी मिळतो. त्याची झाकणारी रुंदी तीन फुटांना जरा कमी पडते. पाच पत्रे शेजारी शेजारी लावले की बाराच्या जागेवर चौदा फूट झाकले जातात आणि दोन्ही अंगांना फूटभर वळचण मिळते. पुढची बाजू नऊ फूट उंच आणि मागची सात फूट ठेवली की उतार पुरेसा होतो, पत्रा कापावा लागत नाही, सांधाही येत नाही. पत्र्याला भोक पाडायचं ते पन्हाळीच्या माथ्यावर. खोलगट भागात पाडलं की पहिल्याच पावसात तिथून धार लागते.

उंच बाजू उत्तरेला घ्यावी. दिवसभर सारखा उजेड मिळतो, सूर्य डोळ्यांवर येत नाही आणि रेघ मारताना हाताची सावली कामावर पडत नाही. पावसाची झड नैर्ऋत्येकडून येते, म्हणून मागची ठेंगणी बाजू तिकडे. कवेलू टिनापेक्षा थंड खरे, पण त्यांना जास्त उतार लागतो, खाली भक्कम सांगाडा लागतो आणि माकडांची एक टोळी सकाळभरात निम्मं छप्पर उलथंपालथं करून जाते. टिनच घ्यावं आणि त्याखाली वीतभर पोकळी ठेवून बांबूचे तट्टे ठोकावेत. या भागात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो. त्या दिवसांत हा तट्टा पंख्याहून जास्त कामाचा.

सांगाडा कशाचा, हा प्रश्न गडचिरोलीत आधी कायद्याचा आहे आणि मग सुतारकामाचा. सागाचे खांब उभे केले की पावती कुठे आहे, ही विचारणा ठरलेली. पूर्व विदर्भात गावकऱ्यांना निस्तार हक्काने सवलतीच्या दरात लाकूड-बांबू मिळण्याची जुनी रीत आहे. ती पावती शेडइतकीच जपून ठेवावी. बांबूचं चित्र मात्र गेल्या वीस वर्षांत पालटलं. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानलं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्काचं पत्र मिळालं. पण बांबू विकायचा म्हटलं की वाहतूक परवान्यावर घोडं अडे. अखेर एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. भारतीय वन कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने जंगलाबाहेर वाढलेला बांबू कायद्याच्या लेखी झाड उरला नाही. आज कुरखेड्यातल्या माणसाला स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून शेड बांधायला भ्यायचं कारण नाही.

भ्यायचं ते घुणाला. इथला मुख्य बांबू मानवेल. भरीव, चिवट आणि भार पेलणारा. त्याच्यातल्या पिठूळ अंशावर घुण तुटून पडतो आणि दोन-तीन वर्षांत खांबाखाली पिवळसर भुकटीचा ढीग दिसू लागतो. म्हणूनच बांबूची शेड टिकत नाही अशी समजूत पसरली. ती अर्धवट आहे. तीन वर्षं पुरी झालेला बांबू हिवाळ्यात तोडावा आणि काही आठवडे बोडीच्या पाण्यात बुडवून ठेवावा, हा जुना उपाय. पाण्यात तो पिठूळ अंश बराचसा विरघळून जातो. त्याहून खात्रीचा उपाय टाकणखाराचा. शंभर लिटर पाण्यात तीन किलो बोरॅक्स आणि दोन किलो बोरिक अ‍ॅसिड घालून ओला बांबू त्यात आठ-दहा दिवस भिजवायचा आणि सावलीत वाळवायचा. पावसाच्या माऱ्यात हे औषध धुऊन जातं, म्हणून असा बांबू छपराखालीच वापरावा. खांब मातीत पुरायचा नाही. पुरला की उधईला आयतं आमंत्रण. खाली दगडाचा किंवा सिमेंटचा ठोकळा, त्यात सळई, आणि सळईवर खांब. कोपऱ्यांत तिरके आधार विसरले तर पहिल्या वादळात शेड शेजाऱ्याच्या वाडीत सापडते.

जमीन दीड फूट उचलून घ्यायची. कडेला दगड, आत मुरूम, पाणी मारून धुमसलेला, वर शेणामातीचा थर. सिमेंट फक्त वाइस आणि यंत्राच्या पायाखाली. बुरडाला तर मातीचीच जमीन हवी. तो दिवसभर खाली बसून काम करतो. लोहाराची ऐरण जमिनीत गाडलेल्या लाकडी कुंद्यावर बसते.

पैसे थोडे असले की माणसं आधी हत्यारं घेतात आणि छपराचं पुढच्या वर्षावर ढकलतात. क्रम उलटा हवा. आधी जोतं आणि छप्पर, मग बाक आणि वाइस, मग विजेची जोडणी, आणि शेवटी यंत्रं. विजेत कंजुषी करायची ती दिव्यांच्या संख्येत करावी, अर्थिंगमध्ये आणि गळती होताच वीज तोडणाऱ्या बटनात नाही. वेल्डिंग आणि ग्राइंडर बांबूच्या शेडबाहेर, उघड्यावर. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला राज्य सरकारने उभारलेलं बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथल्या नव्या बांबूच्या इमारतींना २०२१ च्या फेब्रुवारीत मोठी आग लागली. जिथे बांबूचं शास्त्र शिकवलं जातं तिथे हे होऊ शकतं, तर लोहाराची भट्टी तट्ट्याच्या भिंतीला टेकवून कशी चालेल? त्याच्या शेडीला मागे मातीची जाड भिंत, तीन बाजू मोकळ्या, वर उंच टिन आणि सांगाडा लोखंडी अँगलचा. थोडा महाग पडेल, पण तिथे तडजोड नाही.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तेव्हा तिथे भपकेबाज असं काही नव्हतं. गावातली मुलं वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, वीज जोडणी शिकत, आणि शिकण्याचं साहित्य म्हणजे गावाला लागणारी खरी कामं. अँगलचे तुकडे त्रिकोणांत जोडून त्यावर जाळी आणि सिमेंटचा पातळ थर चढवायचा, अशी तिथली घुमटाकार बांधणी पुढे पाबळ डोम म्हणून ओळखली गेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर असे डोम मराठवाड्यातही उभे राहिले. २००२ मध्ये याच आश्रमात एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅब आली, अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या लॅबांपैकी एक. कुरखेड्याने तो घुमट जसाच्या तसा उचलायची गरज नाही. इथे बांबू हाताशी आहे, अँगल वडशाहून आणावा लागतो. उचलायची ती रीत. शेड कंत्राटदाराने बांधून किल्ली देण्यापेक्षा आयटीआयच्या सुतारकाम-वेल्डिंगच्या मुलांनी कारागिराबरोबर उभी करावी. मजुरी वाचते, आणि उद्या एखादा आधार निखळला तर तो कसा बसवायचा हे घरच्याच माणसाला ठाऊक असतं.

सरकारी बाजूकडून दोन आक्षेप ठरलेले आहेत. पहिला असा की योजनेत कर्ज आहेच, त्यातून शेड बांधा. पण पहिल्या टप्प्याचं कर्ज दीड वर्षात फेडायचं असतं. ज्या वाढयाची मजुरी पावसाळ्यात आटते, त्याने ते माल घ्यायला वापरायचं की छपराला? दुसरा आक्षेप असा की बचत गटांसाठी सामूहिक शेडची तरतूद आहे, सगळ्यांनी तिथे जावं. बांबू विणणाऱ्या बायकांना ते सोयीचं आहे. दहा जणी एकत्र बसल्या की मोठी ऑर्डर पुरी होते. लोहाराला ते जमत नाही. त्याचं गिऱ्हाईक पहाटे बैलगाडी घेऊन दारात येतं आणि त्याची भट्टी इतरांच्या मालाशेजारी पेटवता येत नाही. शिवणकाम करणारी बाई स्वयंपाक आणि लेकरं सांभाळून मधल्या वेळेत मशीनवर बसते. गावाच्या दुसऱ्या टोकाची शेड तिच्या काय कामाची?

शेड मंजूर केली तर त्यात माणसं राहायला जातील, धान्य भरतील, अशी शंकाही निघते. घरकुलाचे हप्ते जसे जोतं, भिंती, छप्पर असे टप्पे पाहून मिळतात, तशीच पद्धत इथे लावता येईल. शेवटचा हप्ता बाक आणि वाइस बसल्यावर द्यावा.

दिल्ली-मुंबईकडून निर्णय येईपर्यंत थांबायचंही कारण नाही. कुरखेडा तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. इथल्या ग्रामपंचायतींना २०१५ पासून पेसा कायद्याखालचा अबंध निधी मिळतो. सामूहिक वनहक्क मिळालेल्या जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभांच्या खात्यात तेंदू आणि बांबूच्या विक्रीचे पैसे जमा होतात. ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’सारखी १९८४ पासून इथे काम करणारी संस्था आहे आणि ठराव कसा लिहायचा हे गावांना शिकवावं लागत नाही. ग्रामसभेने २ ऑक्टोबरच्या बैठकीत हा विषय घेतला तर वेळ साधते. डिसेंबर-जानेवारीत बांबू तोडायचा, मार्चपर्यंत भिजवून वाळवायचा, एप्रिलमध्ये जोतं आणि सांगाडा, मेमध्ये टिन. उशीर करून फेब्रुवारीत ठराव झाला तर बांबू तोडायचा हंगाम हातचा गेलेला असेल आणि वर्ष वाया जाईल.

एका वर्षात एकच शेड जमणार असेल तर यादीत पहिलं नाव लोहाराचं असावं. वाढयाचा वासला, बुरडाचा कोयता, शेतकऱ्याचा फाळ, तिघांनाही धार त्याच्याच भट्टीत लागते.

– सांदवाडीकर